द्राक्षारस किती दिवस टिकतो?

आमच्या ख्रिस्ती घरांतून द्राक्षारसाची बाटली ही नित्याची वस्तू नव्हे. ती येते नाताळाला, लग्नाला, मुलाने पहिल्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले त्या दिवशी, किंवा शहरातील एखाद्या आप्ताची भेट म्हणून. विरळा येते म्हणूनच तिचा मान मोठा. ती बैठकीतील काचेच्या कपाटात, विजेच्या दिव्याखाली, चकचकीत पेल्यांच्या शेजारी उभी करून ठेवतात. आणि द्राक्षारस जितका जुना तितका उत्तम, या सर्वत्र पसरलेल्या समजुतीने तिला कोणी हात लावीत नाही. पुढे आठ-दहा वर्षांनी घरात कन्येचा विवाह ठरतो, वडीलधारी मंडळी जमतात, बाटली समारंभाने उघडली जाते, आणि पेल्यात पडतो तो तपकिरी रंगाचा, आंबूस वासाचा, जिभेला नकोसा वाटणारा एक द्रव. पाहुणे संकोचाने पेला खाली ठेवतात आणि यजमान दुकानदाराला दोष देतात.

वास्तविक दोष बहुधा दुकानदाराचा नसतो. एखाद्या वस्तूला मान देणे आणि ती वस्तू सांभाळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. द्राक्षारसाच्या बाबतीत आपण मान देतो, सांभाळीत मात्र नाही. ही गोष्ट केवळ घरच्या कपाटापुरती असती, तर तिच्यासाठी या पानाची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु तोच द्राक्षारस वेदीवर येतो, आणि तेथे तो आंबलेला निघाला तर प्रश्न जिभेच्या चवीचा राहत नाही. म्हणून द्राक्षारस किती काळ टिकतो, तो कशाने बिघडतो आणि मच्छे-बेळगावच्या हवेत तो कसा ठेवावा, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

टिकाऊ वाटणारी नाजूक वस्तू

द्राक्षांच्या रसात साखर असते. खमिराचे सूक्ष्म जीव ती साखर खातात आणि तिचे मद्यार्कात रूपांतर करतात. त्या वेळी जो वायू सुटतो त्याने रस फसफसतो. साखर संपली किंवा मद्यार्क पुरेसा वाढला की खमीर थंडावते आणि गाळ तळाशी बसतो. असा तयार झालेला साधा द्राक्षारस सुमारे ११ ते १४ टक्के मद्यार्काचा असतो. एवढा मद्यार्क व द्राक्षाचा अंगचा आंबटपणा यांमुळे तो दुधासारखा एका रात्रीत नासत नाही. परंतु तो ब्रँडी किंवा फेणी यांसारखा ऊर्ध्वपातन करून काढलेला अर्कही नव्हे. त्या अर्काची बंद बाटली वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. द्राक्षारसाचे तसे नाही. त्यात बाटली बंद असतानाही सावकाश बदल होत असतो. काही थोड्या उत्तम जातींत तो बदल प्रथम हितकर असतो, मग स्थिरावतो, आणि अखेर उतरणीस लागतो. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य बाटल्यांच्या नशिबी मात्र ती चढण नसतेच. त्या भरल्या जातात त्याच मुळी लवकर वापरण्यासाठी.

द्राक्षारस बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे जगाला नीट उलगडून दाखविले ते फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी. परदेशी पाठविलेला फ्रेंच द्राक्षारस वाटेत नासून परत येऊ लागला, तेव्हा १८६३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याने त्यांना या रोगाचे कारण शोधण्यास सांगितले. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखविले की बिघाड आपोआप होत नाही. तो सूक्ष्म जंतूंचे काम आहे. त्यांतील एका जातीचे जंतू हवेतील प्राणवायू घेऊन मद्यार्काचे आम्लात रूपांतर करतात, आणि द्राक्षारसाचा शिरका होतो. १८६६ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. द्राक्षारस ५० ते ६० अंशांपर्यंत हलकेच तापविला असता हे जंतू मरतात, असा उपायही त्यांनी सांगितला. आज दूध ज्या रीतीने टिकवितात त्या रीतीला पाश्चर यांचेच नाव आहे. पण तिचा उगम दुधाच्या नव्हे, द्राक्षारसाच्या अभ्यासात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

तीन शत्रू

द्राक्षारसाचे मुख्य शत्रू तीन: वारा, उष्मा आणि उजेड.

पहिला शत्रू वारा. आमच्या गृहिणींना लोणच्याच्या बरणीचा अनुभव आहे. बरणी काठोकाठ भरलेली, तोंड घट्ट बांधलेले, तोवर लोणचे वर्षभर निर्धास्त असते; ती अर्धी झाली आणि झाकण वरचेवर निघू लागले की वर बुरशी धरते. द्राक्षारसाचे तंतोतंत असेच आहे. बाटलीत रस आणि बूच यांमध्ये जितकी हवा अधिक, तितका बिघाड लवकर. प्रथम फळाचा सुवास उडतो, मग रंग तपकिरी होतो, आणि शेवटी आम्लाचे जंतू आपले काम पुरे करतात.

दुसरा शत्रू उष्मा. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की असल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे १२-१३ अंशांच्या तळघरात जी बाटली दोन वर्षे सुखाने राहील, ती ३२-३३ अंशांच्या खोलीत सहा महिन्यांतच म्हातारी होईल. शिवाय उष्म्याने रस फुगतो व बूच वर रेटतो, आणि रात्री गारव्याने आकसला की बुचाच्या कडेने हवा आत ओढतो. म्हणून सतत थोडे गरम असण्यापेक्षाही दिवसा तापणे आणि रात्री निवणे हे अधिक वाईट. बूच वर आलेले किंवा बाहेरून चिकट ओघळ आलेली बाटली दुकानात दिसली तर ती घेऊ नये. तिने ऊन खाल्लेले असते.

तिसरा शत्रू उजेड. सूर्यप्रकाशाने द्राक्षारसाचा वास पालटतो. पांढऱ्या काचेतील फिकट रसाचा तर फारच लवकर. हिरव्या व तपकिरी काचेच्या बाटल्या शोभेसाठी नव्हेत, उजेड अडविण्यासाठी असतात. ज्या काचेच्या कपाटात आपण ती बाटली मानाने ठेवितो, ते उजेडाच्या दृष्टीने तिचे कारागृहच म्हणावे लागेल.

प्राचीनांनी काय केले

वारा हा शत्रू आहे, हे जंतूंचा शोध लागण्यापूर्वीही लोकांना अनुभवाने कळले होते. प्रभू येशूच्या काळी द्राक्षारस चामड्याच्या बुधल्यांत व मातीच्या भांड्यांत ठेवीत. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात घालू नये, हा दृष्टान्त प्रभूने दिला तेव्हा ऐकणाऱ्यांना त्याचा व्यवहारी अर्थ सांगावा लागला नसेल. नवा रस अजून फसफसत असतो. नवे चामडे ताणले जाते, जुने वाळलेले चामडे फुटते, आणि रस व बुधला दोन्ही जातात. रोमन लोक उंच मातीच्या कुंभांना आतून डांबर किंवा राळ लावीत, म्हणजे मातीच्या छिद्रांतून हवा शिरत नसे, आणि तोंड बुचाने बंद करून वरून लेप देत.

या दक्षतेने काय साधते आणि काय साधत नाही, याची दोन नवलाची उदाहरणे आहेत. जर्मनीतील श्पायर नगराजवळ १८६७ साली एका रोमन थडग्यात काचेची एक बाटली सापडली. ती चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातील असून तिच्यात आजही द्रव आहे. भरणाऱ्याने द्राक्षारसावर ऑलिव्हच्या तेलाचा थर ओतला होता आणि तोंड मेणाने बंद केले होते. तेलाने हवा अडविली म्हणून सुमारे १७०० वर्षे द्रव उडून गेला नाही. स्पेनमधील कार्मोना गावी २०१९ साली सापडलेल्या रोमन थडग्यातील एका अस्थिकलशात तांबूस द्रव होता. तो सुमारे २००० वर्षांपूर्वीचा पांढरा द्राक्षारस आहे, असे शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. परंतु यांतील कोणताही द्रव कोणी पेल्यात ओतून घेणार नाही. श्पायरच्या बाटलीतील मद्यार्क केव्हाच नाहीसा झालेला आहे. तेव्हा टिकणे आणि चांगले राहणे यांत अंतर आहे, हा धडा या दोन भांड्यांतून घ्यावा.

उष्ण देशांतील प्रवासासाठी दुसरी एक युक्ती निघाली. पोर्तुगालमधील पोर्तो बंदरातून जाणारा द्राक्षारस जहाजावर नासू नये म्हणून त्यात द्राक्षांचाच कडक अर्क मिसळू लागले. त्यातून 'पोर्ट' या नावाने ओळखला जाणारा, सुमारे २० टक्के मद्यार्काचा गोड द्राक्षारस निर्माण झाला. गोव्यातील ख्रिस्ती घरांना त्या नावाची ओळख पोर्तुगीज काळापासून आहे. मदेरा बेटावरील द्राक्षारसाची कथा याहून विलक्षण. असाच अर्क घातलेली तेथील पिंपे भारताकडे जाणाऱ्या जहाजांतून विषुववृत्त ओलांडून उन्हात तापत जात, आणि काही न विकता परत येत. घरी उघडून पाहावे तो रस नासण्याऐवजी अधिक रुचकर झालेला! पुढे त्या बेटावर जहाजाच्या फेरीऐवजी रस मुद्दाम ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापविण्याची रीत पडली. जे उष्म्याने बिघडायचे ते आधीच होऊन गेल्यामुळे मदेरा द्राक्षारस पुढे सहसा बिघडतच नाही. परंतु हा अपवाद आहे. मदेराला जे मानवले ते नाशिकच्या किंवा नंदी टेकड्यांच्या साध्या द्राक्षारसाला मानवणार नाही.

आपल्या गावची हवा

मच्छे हे बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. हा सारा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्याने येथील हवा विजापूर किंवा सोलापूरच्या मानाने सौम्य आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बोचऱ्या गार असतात. परंतु मार्च ते मे या काळात दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे सहज जातो, आणि जूनपासून सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस भिंतींनाही ओल आणतो. म्हणजे वर्षातून तीन महिने उष्मा आणि चार महिने दमटपणा. उष्म्याने रस बिघडतो. दमटपणाने रसाला धोका कमी, परंतु बुचावर व कागदी पट्टीवर बुरशी येते आणि पत्र्याचे झाकण गंजते.

युरोपातील तळघरे आपल्याकडे नाहीत. तथापि जमिनीच्या पोटातील गारवा आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. याच मुलखात ज्वारी पेवांत भरून ठेवीत. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे तर सर्वप्रसिद्ध. २००५च्या महापुरात त्यांपैकी पुष्कळांची हानी झाली, तोवर हळद त्यांत वर्षानुवर्षे निर्वेध राहत असे. वारा नाही, उजेड नाही, उष्णतामानात चढउतार नाही: पेवाचे जे तत्त्व तेच द्राक्षारसाच्या तळघराचे.

ते तत्त्व साध्या घरात असे पाळता येईल. बाटली माळ्यावर कदापि ठेवू नये. कौलाखाली किंवा पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी पेटलेली असते, आणि सिमेंटच्या छताखालचे वरचे कप्पेही तसेच. स्वयंपाकघरात चुलीच्या वा शेगडीच्या जवळ नको, शीतकपाटाच्या डोक्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. घराच्या मधल्या, कमीत कमी तापणाऱ्या खोलीत, भिंतीतल्या फडताळाचा सर्वांत खालचा कप्पा हीच तिची जागा. बाटली वर्तमानपत्रात किंवा जाड फडक्यात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवावी. जुन्या घरांत पाण्याचा रांजण ज्या कोपऱ्यात असतो तो कोपरा बहुधा सर्वांत गार असतो. रॉकेल, रंग, खते, फवारणीची औषधे यांच्या शेजारी मात्र ठेवू नये.

बाटलीला झाडाच्या सालीचे बूच असेल तर ती आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून फुगते व वारा आत येत नाही. उभी ठेविल्यास बूच वाळते, आकसते आणि चिरते. पिळाचे पत्र्याचे झाकण असेल तर उभी ठेविली तरी चालेल. पोर्टसारखा कडक द्राक्षारस उभाच ठेवणे बरे. शीतकपाट असेल तर कडक उन्हाळ्याचे तीन महिने बंद बाटली त्यात ठेविल्यास हानी नाही. पण वर्षानुवर्षे ती तेथेच ठेवू नये, कारण तेथील कोरड्या हवेने बूच वाळते.

आणखी एक गोष्ट. येथून गोवा जवळ असल्याने तिकडून येताना बाटली आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. परवान्याशिवाय गोव्यातून कर्नाटकात मद्य आणणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणीही होते. शिवाय उन्हात तापलेल्या मोटारीच्या मागच्या पेटीत काही तासांचा घाटातला प्रवास म्हणजे त्या बाटलीचे एक वर्ष कमी झालेच म्हणून समजावे.

बंद बाटली, उघडी बाटली

आता मूळ प्रश्न. बाटलीवर वर्षाचा आकडा असतो तो बहुधा द्राक्षे तोडल्याच्या वर्षाचा. औषधाच्या बाटलीसारखी शेवटची तारीख सहसा नसते. म्हणून अंदाज आपणच बांधावा लागतो. चांगल्या गार जागी साधा पांढरा किंवा गुलाबी द्राक्षारस एक-दोन वर्षांत, साधा तांबडा दोन-तीन वर्षांत, आणि फेसाळणारा दोन वर्षांच्या आत वापरावा. पोर्टसारखा गोड व कडक रस बंद असता अनेक वर्षे टिकतो. आपल्या घरातील उन्हाळा लक्षात घेता पोर्ट वगळून हे आकडे निम्मे धरणे शहाणपणाचे. सोपा नियम सांगावयाचा तर असा: नाताळाला आलेली बाटली पुढील नाताळाच्या आत उघडावी. नातवाच्या लग्नासाठी ती राखून ठेवू नये.

बूच निघाले की गणित वर्षांचे राहत नाही, दिवसांचे होते. फेसाळणारा रस एक ते तीन दिवस; साधा तांबडा तीन ते पाच दिवस; पांढरा व गुलाबी पाच ते सात दिवस; आणि हेही बूच घट्ट लावून शीतकपाटात ठेविल्यास. शीतकपाट नसेल तर आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फरक जाणवेल. पोर्ट काही आठवडे राहतो, मदेरा कित्येक महिने. तांबडा रस शीतकपाटात ठेवू नये ही समजूत चुकीची आहे. पिण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेविला म्हणजे झाले.

उरलेला रस अधिक टिकविण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. लहान बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मोठ्या बाटलीतील उरलेला रस तीत अगदी गळ्यापर्यंत भरावा आणि घट्ट झाकण लावावे. हवेला जागाच उरत नाही. बाटली उघडल्याचा दिनांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चिकटवावा. स्मरणावर विसंबू नये. आणि रस पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतून ठेवू नये. आंबट ताक जसे बिनकल्हईच्या भांड्यात कळकते तसाच तोही कळकतो. काच किंवा चिनी माती हीच त्याची भांडी.

वेदीवरील द्राक्षारस

घरातील बाटली बिघडली तर रुपयांचे नुकसान होते. वेदीवरील बिघडली तर काय होते, हे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने जाणावे, कारण चर्चमधील सेवा आपल्यातीलच कोणीतरी करीत असते.

मिस्साबलिदानासाठी लागणारा द्राक्षारस नैसर्गिक, वेलीच्या फळाचा आणि न बिघडलेला असावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. १९१७च्या संहितेत हा नियम होता आणि १९८३च्या संहितेतील ९२४व्या कलमातही तो आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकातच स्पष्ट केले होते की द्राक्षारसाचा पूर्ण शिरका झाला म्हणजे तो द्राक्षारस राहिलाच नाही, म्हणून त्याने हा संस्कार घडत नाही. जुन्या लॅटिन मिस्सापुस्तकाच्या आरंभी असल्या दोषांविषयी एक स्वतंत्र प्रकरणच छापलेले असे. हल्लीच्या मिस्सापुस्तकाच्या सर्वसाधारण सूचनांतही द्राक्षारस आंबू नये आणि भाकर नासू वा कडक होऊ नये याची काळजी घेण्यास बजावले आहे. २००४ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या पत्रकानेही हेच पुन्हा सांगितले. ज्या रसाची शुद्धता शंकास्पद आहे तो वापरू नये, असा त्याचा निर्बंध आहे.

ख्रिस्तसभेने ही अडचण उष्ण देशांच्या दृष्टीनेही पाहिली आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस रोमने अशी मोकळीक दिली की रस टिकावा म्हणून त्यात ठराविक मर्यादेपर्यंत मद्यार्क मिसळावा. मात्र तो द्राक्षांचाच असला पाहिजे. म्हणून वेदीसाठीचे पुष्कळ द्राक्षारस गोड व कडक असतात. दूरदेशी गेलेल्या धर्मगुरूंनी तर यासाठी स्वतः मळे लावले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेव्हनहिल येथे ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीयांनी १८५१ साली वेदीच्या द्राक्षारसासाठी लावलेला मळा आजही त्यासाठी फळ देत आहे. आपल्या भागाचेही स्मरण करावे. १९५६ सालापर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तेथे १९४९चा दारूबंदीचा कायदा लागू होता. त्या कडक कायद्यातही धार्मिक विधीच्या द्राक्षारसासाठी परवानगीची वाट ठेविलेली होती. १९५३ साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांताची पहिली वर्षे त्याच काळातील आहेत.

आता व्यवहार. मिस्साला रस लागतो तो मूठभर भाविकांच्या उपकेंद्रात काही चमचेच. जेथे महिन्यातून एक-दोनदाच मिस्सा होते, तेथे उघडलेली मोठी बाटली कित्येक महिने पुरते, आणि तेवढ्या काळात साधा रस खात्रीने आंबतो. म्हणून लहान बाटल्या घ्याव्या. त्या मुख्य चर्चमध्ये गार जागी ठेवून मिस्साच्या दिवशी लागेल तेवढीच एक न्यावी. वेदीवरील काचेच्या कुपीत उरलेला रस पुन्हा मोठ्या बाटलीत ओतू नये. एका शिळ्या थेंबातील जंतू सारी बाटली नासवितात. कुपी प्रत्येक मिस्सानंतर धुऊन उपडी ठेवावी व पूर्ण कोरडी करावी. मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी, खिडकीत किंवा पत्र्याच्या पेटीत बाटली ठेवू नये. साक्रिस्तांवाने मिस्सापूर्वी कुपीचा वास घ्यावा आणि शंका आल्यास फादरांस तत्काळ सांगावे. ज्या धर्मगुरूंना प्रकृतीच्या कारणाने, परवानगी घेऊन, किंचित आंबलेला 'मुस्तुम' वापरावा लागतो, त्यांच्या बाटलीस तर याहून अधिक जपावे. त्यात मद्यार्क जवळजवळ नसल्याने तो उघडल्यावर शीतकपाटातच ठेवावा लागतो.

नाताळाची बरणी

नाताळापूर्वी काळी द्राक्षे, साखर, गहू, लवंग-दालचिनी घालून बरणीत 'वाइन' करण्याची चाल बेळगाव, गोवा, मंगळूर आणि केरळ येथील ख्रिस्ती घरांत आहे. त्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली, कर्नाटकाचा १९६५चा अबकारी कायदा परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई करतो, आणि घरगुती म्हणून ती बरणी त्यातून सुटत नाही. केरळात २०१९च्या नाताळापूर्वी तेथील अबकारी खात्याने या बाबतीत जाहीर इशाराही दिला होता. दुसरी, साखर, गहू आणि मसाले घातलेला असा रस वेदीवर चालत नाही, मग तो कितीही श्रद्धेने केलेला असो. सणासाठी न आंबविलेले द्राक्षांचे सरबत करावे. तेही शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

कोणाकडून असा घरगुती रस बाटलीत आलाच, तर लक्षात ठेवावे की त्यातील खमीर पुष्कळदा जिवंत असते. घट्ट झाकलेल्या काचेच्या बाटलीत वायू कोंडला की ती फुटून डोळ्याला इजा होऊ शकते. जुन्या बुधल्याचा दृष्टान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

बिघडला तर

तळाशी साखरेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नये. तो द्राक्षाच्या आम्लाचा निरुपद्रवी क्षार असतो. तांबड्या रसाचा गाळही तसाच. बाटली काही वेळ उभी ठेवून वरचा रस हलकेच ओतावा. परंतु शिरक्याचा वास, नखरंगासारखा उग्र दर्प, भिजलेल्या पुठ्ठ्याची कुबट घाण, तपकिरी झालेला पांढरा रस, किंवा साध्या रसात आलेला फेस ही बिघाडाची लक्षणे होत. कारखान्यात भरलेला रस असा आंबला तर तो विष होत नाही, पण पिण्यासही योग्य राहत नाही. बुरशी आलेला रस मात्र ओतूनच द्यावा.

नुसता आंबूस झालेला रस सर्वस्वी फुकट जात नाही. फ्रेंच भाषेत शिरक्याच्या नावाचा अर्थच मुळी आंबट द्राक्षारस असा आहे. तो चिनी मातीच्या बरणीत घालावा, कडक असल्यास थोडे पाणी मिसळावे, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावा आणि दोन-तीन महिने सावलीत राहू द्यावा. येथे वारा शत्रू नव्हे, मित्र असतो. ही बरणी चांगल्या बाटल्यांपासून दूर ठेवावी. विंदालू हा पदार्थ मुळात पोर्तुगीज खलाशांचा, द्राक्षारस व लसूण यांत मुरविलेल्या मांसाचा. गोव्यात द्राक्षारसाच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला. तेव्हा आपल्या आंबलेल्या बाटलीचा शिरका विंदालूत किंवा सोरपोटेलात पडला, तर तो परक्या घरी गेला असे होणार नाही. वर्षभराच्या लोणच्याला मात्र हा घरचा शिरका वापरू नये, कारण त्याची आंबटाई पुरेशी आहे की नाही याचा भरवसा नसतो.

शेवटी एक सावधगिरी. उघडलेली बाटली थोडेच दिवस टिकते, हे ऐकून ती एका बैठकीत संपविण्याचे निमित्त कोणी शोधू नये. मद्याने किती संसार मोडले हे आमच्या गावांना सांगावयास नको. संत पौलाने तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी द्राक्षारस सुचविला, परंतु थोडाच. उरलेला रस लहान बाटलीत भरता येतो, स्वयंपाकात घालता येतो, शिरका करता येतो, आणि प्रसंगी ओतूनही देता येतो. माणसाचे तसे नाही. तेव्हा बाटली घ्यावी ती लहान, ठेवावी ती अंधारात व गारव्यात, आणि उघडावी ती वेळेवर, चार माणसे जमली असता. काना गावच्या लग्नात उत्तम द्राक्षारस पाहुण्यांपुढे आला तो त्याच दिवशी वाटण्यासाठी. कपाटात मिरविण्यासाठी नव्हे.